सहावा खांदा

सोमवारी मी कायमचा कॅनडाला जाणार होतो आणि त्याआधीच्या बुधवारी माझ्या लक्षात आलं की मी आयर्लंड पाहिलेलं नाही.

जन्मलो इथेच, वाढलो इथेच. पण रॉस्क्रेचा माणूस गावाबाहेर पडतो तो तीनच कारणांसाठी: मॅच, मयत आणि हॉस्पिटल. मॅचला मैदान दिसतं, मयताला पुढच्याची पाठ दिसते, हॉस्पिटलात छत दिसतं. देश दिसत नाही. हे माझ्या ध्यानात आणून दिलं आमच्या विमा कचेरीतल्या लुसियानानं. ती ब्राझीलची. इथे येऊन तिला दोन वर्षंही झालेली नाहीत, पण सगळा पश्चिम किनारा तिनं पालथा घातलेला. माझ्या निरोपाच्या केकवर सुरी धरून तिनं विचारलं, "कॉर्मक, गॉलवेचा समुद्र आवडतो ना रे तुला?" मी म्हणालो, "खूप." न पाहिलेल्या समुद्राबद्दल खोटं बोलून खाल्लेला केक पचत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

तेव्हा ठरवलं. शनिवारी एकट्यानं निघायचं. लिमरिक, एनिस, गॉर्ट, गॉलवे. उजेड आहे तोवर समुद्रासमोर उभं राहायचं आणि घरी यायचं. उद्या कॅनडात, सास्काटूनमध्ये कुणी विचारलं, तुमचा देश कसा आहे हो, तर 'छत बरं आहे' एवढंच सांगायची पाळी येऊ नये. एक अख्खा दिवस माझा, फक्त माझा. मागणी फार नव्हती. चूक एवढीच झाली की ती मी घरात बोलून दाखवली.

"एकटा?" आई म्हणाली. "का? कुणाशी भांडलास?"

शेजारच्या टुहीबाई अंड्यांसाठी आल्या होत्या, त्या थांबल्या. "कुठं रे? मॅच आहे का?"

"नाही."

"मग कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही. नुसता फिरणार आहे."

टुहीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे वळून आवाज खाली आणला. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. "मेरी, हा बरा आहे ना गं?"

पलीकडचे डेलाहंटी बस चालवून निवृत्त झालेले. त्यांनी मला कुंपणाशी बोलावून घेतलं. "डावीकडे बस. उजवीकडे बसलास तर डावीकडचं दिसत नाही." मी आभार मानले. संध्याकाळी पुन्हा हाक आली. "येताना उलटं हं," ते म्हणाले.

खरा मोडता घातला तो रेडिओनं. स्थानिक रेडिओवर बातम्यांनंतर गेलेल्या माणसांची नावं वाचतात. त्या वेळी आमच्या घरात मोठ्यानं श्वास घेतलेला चालत नाही. आई तीन जिल्ह्यांची नावं ऐकते. इतर बायका मालिका बघतात तशी. गुरुवारी क्लेअर जिल्ह्याच्या यादीत एनिसच्या नोरा कॉन्सिडाइन आल्या. शनिवारी सकाळी प्रार्थना, मग दफन.

"बघ!" आई म्हणाली. "देवानंच सोय केली. तू जातोच आहेस."

"आई, मी फिरायला जातोय."

"मग फिरता फिरता जा. तुझा बाप गेला तेव्हा बर्फ पडलेला. नोरा मध्ये आणि भोवती पाच कॉन्सिडाइन, असे एका गाडीत बसून आले. माझा हा गुडघा नवीन बसवलेला, नाहीतर मीच गेले असते. आपल्या घरून कुणी गेलं नाही तर मला त्या माणसांना तोंड दाखवता येणार नाही."

"कधी दाखवायचंय?"

"पुढच्या मयताला," आई म्हणाली. तिच्या दृष्टीनं हे उत्तर पूर्ण होतं. "पुढच्या बाकावर घरची माणसं बसलेली असतील. हात घट्ट धर, तुझा लिबलिबीत लागतो. आणि सांग, मी मेरीचा मुलगा. नोराच्या मुलीला मी कळवते तू येतोयस म्हणून. बस्स, दहा मिनिटांचं काम."

शनिवारी पहाटेची बस धरली. डावीकडे बसलो. पाऊस पडत होता. हे आता पुन्हा पुन्हा सांगत बसत नाही. तो पडतच होता असं समजून चाला.

लिमरिकमध्ये पुढच्या बसला अवकाश होता, म्हणून एका संग्रहालयात शिरलो. नाव सांगत नाही, त्यांचा काही दोष नव्हता, असला तरी. खिडकीतल्या गृहस्थांकडे मी एक तिकीट मागितलं.

"आज कुटुंबाचंच मिळेल," ते म्हणाले. "दोन मोठे, दोन लहान. यंत्र दुसरं काही छापत नाहीये."

"पण मी एकटा आहे."

"ते मला दिसतंय. यंत्राला दिसत नाही."

"मग कुटुंबाचं द्या."

"बाकीचे कुठे आहेत?"

मी म्हणालो, नाहीत. त्यावर ते म्हणाले, तिकिटावर चार डोकी आणि आत एकच, हे संध्याकाळच्या हिशोबात बसायचं नाही. वरिष्ठांना विचारायला हवं. वरिष्ठ चहाला गेले होते. ते आले, त्यांनी यंत्राला दोन चापट्या मारल्या, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "रॉस्क्रेचा ना? हेहिर? तुझ्या वडिलांच्या मयताला होतो मी." मग वडील कसे गेले ते त्यांना पुन्हा सांगावं लागलं. माझ्या वडिलांचा मृत्यू हा लिमरिकमध्ये मी पाहिलेला एकमेव देखावा. तोवर बस गेली होती.

पुढच्या बसनं एनिसला उतरलो तेव्हा मला उशीर झालेला होता आणि बूट आतून ओले होते. पहिल्याच वळणावर एक चर्च दिसलं, दाराशी काळी शवगाडी उभी. आता विचार करा, तुम्हाला मयताला जायचंय, उशीर झालाय आणि समोर शवगाडी आहे. तुम्ही चौकशी कराल का? आमच्याकडे कुणी करत नाही. शवगाडी दिसली की आपण टोपी काढतो आणि रांगेत उभं राहतो. मी टोपी काढली आणि रांगेत उभा राहिलो.

रांगेत काय बोलायचं हे लहानपणीच शिकवतात. आपण म्हणायचं, "फार वाईट झालं." समोरच्यानं म्हणायचं, "आलास, बरं वाटलं." यात कुणाचं नाव नाही, नातं नाही, गेला का गेली तेही नाही. या दोन वाक्यांवर माणूस आयर्लंडमधल्या कुठल्याही मयताला शिरू शकतो. त्यातला धोका माझ्याआधी कुणाच्या ध्यानात आला नव्हता, एवढंच.

पुढच्या बाकावर एक काटकुळ्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या, शेजारी पॅडी नावाचा त्यांचा चुलतभाऊ, आणि बाकीचा बाक रिकामा. पाच कॉन्सिडाइन कुठे गेले असं मनात आलं, पण मरणाच्या घरी हिशोब विचारू नये. मी हात धरला. घट्ट.

"फार वाईट झालं."

"आलास, बरं वाटलं. कोणाचा रे तू?"

"मेरीचा मुलगा."

बाईंनी माझा हात सोडलाच नाही. ओठ हलायला लागले. "मेरीचा? पॅडी, अरे मेरीचा आला! पाठवलं तिनं! मेरीनं पाठवलं रे मुलाला!"

पॅडी उभा राहिला. मागच्या दोन बाकांवर कुजबूज झाली. आपल्या आईला एनिसमध्ये एवढा मान आहे हे मला ठाऊक नव्हतं; घरी ती कधी बोलली नव्हती. जरा छाती फुगली. बाई सरकल्या. "इथं बस. माझ्या शेजारी. तिथं मागं कुठं?"

मी बसलो. प्रार्थना सुरू झाली आणि फादर म्हणाले, "आज आपण आपल्या मायको हॉगनला निरोप द्यायला जमलो आहोत."

मी आजूबाजूला पाहिलं. कुणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. नोराबाईंना लाडानं मायको म्हणत असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती थोडा वेळ टिकली. मग फादरनी मायकोच्या मिशांचा प्रेमानं उल्लेख केला.

उठून जायला हवं होतं, मान्य. पण पहिल्या बाकावरून मध्येच उठून जाणाऱ्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो: जमिनीवरून वाद आहे. शिवाय बाईंनी, म्हणजे मायकोची बहीण ब्रायडी हॉगन यांनी, माझा हात आपल्या मांडीवर ठेवून घेतला होता. आणि मी मेरीचा होतो, यात शब्दानंही खोटं नव्हतं. आमच्या देशात निम्मी माणसं मेरीची आहेत. उरलेल्यांना मेरी नावाची मावशी आहे.

प्रार्थना संपली की गर्दीत विरघळून जायचं, असा बेत केला. तेवढ्यात हॅनराहन आले. अंत्यविधीची व्यवस्था बघणारे हेच. त्यांचा दारूचा गुत्ता आहे आणि खिळ्या-पत्र्याचं दुकानही आहे, त्यामुळे एनिसचा माणूस कुठूनही निघाला तरी त्यांच्याकडेच पोचतो. त्यांनी शवपेटीभोवतीची माणसं बोटानं मोजली, मान हलवली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सहावा तू. घरचा आहेस."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. ब्रायडीबाई माझ्याकडे बघत होत्या. मी तोंड मिटलं.

बाकीचे पाच जण मायकोच्या गल्लीतले, एकेकाळी हर्लिंग खेळणाऱ्या गावच्या संघातले, दारातून वाकून जाणारे. मी उंचीनं आमच्या आईवर गेलोय. पेटी उचलली तेव्हा माझ्या खांद्यात आणि पेटीत एवढं अंतर राहिलं की मधून मांजर गेलं असतं.

"टाचा उचल," हॅनराहन कानाशी कुजबुजले.

"उचलल्यात."

"मग भर घालायला हवी. काय आहे तुझ्याकडे?"

माझ्या पिशवीत प्रवाशांसाठीचं आयर्लंडचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक होतं. त्यांनी ते काढलं, वजनाचा अंदाज घेतला आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. नेमकं बसलं. अशा रीतीनं मी माझा देश खांद्यावर घेऊन एनिसच्या रस्त्यानं निघालो. देशावर मायको होता. दुकानदारांनी दारं ओढून घेतली, गाड्या थांबल्या, माणसांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मी खाली रस्त्याकडे बघत चाललो होतो. एनिस मी एवढंच पाहिलं: डांबर, दोन झाकणं, पुढच्याच्या टाचा.

दफनभूमीत पेटी खांद्यावरून उतरवताना पुस्तक घसरलं आणि सरळ खड्ड्यात गेलं. ठप्प असा आवाज झाला. फादर वाक्याच्या मध्ये थांबले.

"काय पडलं?" ब्रायडीबाईंनी विचारलं.

पॅडीनं वाकून पाहिलं. "आयर्लंडचं पुस्तक आहे. नकाशासकट."

मला वाटलं, आता आपणही आत उतरावं, जागा आहे. पण ब्रायडीबाईंनी खड्ड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माझ्या बाहीला धरलं. "मायको जन्मात क्लेअर सोडून कुठं गेला नाही," त्या म्हणाल्या. "छान केलंस हो पोरा." पाचांपैकी एकानं नाक शिंकरलं. पुस्तक रॉस्क्रेच्या वाचनालयाचं आहे हे सांगायची ती वेळ नव्हती. पेटी त्याच्यावर बसली. जरा तिरकी बसली.

आता निसटावं, तर मयताचं जेवण. हॉटेलात आधी सूप, मग बीफ किंवा सॅमन. घरच्या माणसाला निवड नसते, उरेल ते. मी ब्रायडीबाईंच्या शेजारी. खिडकीतून दिसणारा उजेड दुपारीच थकलेला.

"तुला मेरीनं सांगितलं असेलच," त्या सूप ढवळत म्हणाल्या. त्या मघापासून ते ढवळतच होत्या.

मी मानेनं असं काहीतरी केलं की ज्याचा अर्थ काहीही होईल.

"आमचे बाबा गेले तेव्हा ती लिव्हरपूलला होती. समुद्र खवळलेला, बोट निघेना. एक दिवस थांब म्हणून तिनं मायकोला तार केली. नाही थांबला तो. हट्टी. ती पोचली तेव्हा माती टाकून झाली होती. आली तशी गेली, ती परत आली नाही. मायको बोलला नाही कधी, पण दर नाताळला दाराशी जाऊन उभा राहायचा. पोस्टमन आला की म्हणायचा, हवा बघत होतो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "तिनं काही सांगून पाठवलंय का रे?"

 पॅडीनं घास तोंडात तसाच ठेवला.

आता खरं सांगावं, हे मला कळत होतं. मी कोण, कुठला, कसा आलो. पण मग त्यांच्या मेरीकडून कुणीच आलेलं नाही असं होत होतं. आणि खोटं सांगणं मला जमत नाही. ते समुद्राचं सोडलं तर. म्हणून माझ्या मेरीनं मला जे सांगितलं होतं ते मी जसंच्या तसं सांगितलं.

"ती म्हणाली, आपल्या घरून कुणी गेलं नाही तर मला त्या माणसांना तोंड दाखवता येणार नाही."

"असं म्हणाली?"

"हो. आणि म्हणाली, गुडघा नसता तर मीच गेले असते."

ब्रायडीबाईंनी नॅपकिन डोळ्यांना लावला. आतून हसल्याचा की रडल्याचा, कसलातरी आवाज आला. "गुडघा! माझाही गेलाय. आमच्या घराण्याचाच गुडघा तो!" आणि मग त्यांनी ते गार झालेलं सूप सगळं पिऊन टाकलं.

त्याच वेळी दारात एक दांडगा, लालबुंद माणूस उभा राहिला. भिजलेला, हातात दुसऱ्याची छत्री. "क्षमा करा," तो वेटरला म्हणाला, "हॉगन मंडळी इथंच जेवायला बसली आहेत का?" त्याचं बोलणं इस्त्री करून आणलेलं. आमच्याकडे वेटरची कुणी क्षमा मागत नाही. मी कसा उठलो आणि त्याला बाहेरच्या बोळात कसा घेऊन गेलो ते मला आठवत नाही.

"मी ग्रॅहम," तो म्हणाला. "लिव्हरपूलहून आलो. मी मेरीचा मुलगा."

"मीपण," मी म्हणालो.

आम्ही थोडा वेळ पाऊस बघितला.

मग त्यानं सांगितलं. त्याचंही विमान उशिरा, त्याचीही घाई, नदीपलीकडे एक चर्च, दाराशी शवगाडी. "मी मेरीचा मुलगा म्हणालो, तर पाच जण अंगावर धावून आले आणि त्यांनी मला पोटाशी धरलं. तुझे वडील गेले तेव्हा तू केवढासा दिसत होतास, म्हणाले. माझे वडील आत्ता गोल्फ खेळत आहेत. मला वाटलं, इथली रीत असेल."

"गेलेली बाई आहे हे कधी कळलं?"

"जेवताना. टेबलावर फोटो होता. खूप चांगल्या बाई असाव्यात. मी रडलोसुद्धा जरा." त्यानं छत्री मिटली. "तुम्ही आत काय सांगितलंत?"

मी सांगितलं, निरोपासकट. तो ऐकत राहिला. त्याच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं.

"आई असं म्हणाली नसती," तो म्हणाला. "तिला मी आल्याचंही ठाऊक नाही. ती म्हणाली होती, मेला तर मेला."

"मग मी आत जाऊन खरं सांगतो."

तो दाराच्या काचेतून आत बघत होता. ब्रायडीबाई पॅडीला काहीतरी सांगत होत्या, गुडघ्यावर हात आपटून आपटून.

"पण गुडघा दुखतो हं तिचा," ग्रॅहम म्हणाला. "ते खरं आहे." आणि त्यानं दार ढकललं.

"दोन?" ब्रायडीबाई म्हणाल्या.

"दोन," ग्रॅहम म्हणाला. चेहरा जरासुद्धा न हलवता. रक्त शेवटी क्लेअरचंच.

मग खुर्च्या सरकल्या, चहा आला, तो संपल्यावर पुन्हा आला. हॅनराहन मला आणि ग्रॅहमला शेजारी शेजारी उभं करून बघून गेले. "हा मोठा आधी आला असता तर पुस्तक वाचलं असतं," ते म्हणाले. कुणाचा सख्खा भाचा मध्येच उठून बस गाठत नाही, त्यामुळे मी बसून राहिलो आणि बसमागून बस गेली. निघताना ब्रायडीबाईंनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "मेरीला सांग, बोट नव्हती हे मला ठाऊक होतं." मी म्हणालो, सांगतो. ग्रॅहमनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तो सांगणार होता.

गॉर्ट मी काच पुसून पाहिलं. काच परत धुरकटली. गॉलवेला उतरलो तेव्हा अंधार मिट्ट होता. तरी चालत चालत सॉल्टहिलच्या किनाऱ्यापर्यंत गेलो, कारण काय, आता सोमवारीच निघायचं. समुद्र होता. आवाज येत होता. दिव्याच्या पट्ट्यात थोडा फेस दिसायचा आणि पुन्हा काळं. मी कठड्याशी टोपी काढून उभा राहिलो, सवयीनं. आसपास चिटपाखरू नव्हतं. दिवसभरात पहिल्यांदा मी एकटा होतो. मला ते मुळीच आवडलं नाही.

फोन वाजला. आई.

"नोराच्या मुलीचा फोन आलेला."

मी डोळे मिटले. "काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझा कॉर्मक आला, फार बरं वाटलं. शेवटपर्यंत थांबला, म्हाताऱ्यांवर छत्री धरली. रडला म्हणे. पण एक म्हणाली."

"काय?"

"म्हणाली, केवढा सुटलाय गं. आणि बोलतो अगदी इंग्रजांसारखा."  मग ती हळूच म्हणाली, "अरे, अजून तू विमानातसुद्धा बसला नाहीस. रोज माझ्यासमोर असतोस आणि मला कसं कळलं नाही?"

खरं सांगितलं असतं तर नोराबाईंच्या घरी आमचं कुणीच गेलं नव्हतं असं झालं असतं. म्हणून मी म्हणालो, "थोडा सुटलोय खरा."

"आणि बोलणं?"

"तेही असेल थोडं."

"बोलून दाखव बरं."

"काय बोलू?"

"काहीही. आपल्यासारखं," आई म्हणाली. "घरी बोलतोस तसं."

मी त्या काळोखाकडे तोंड करून घरी बोलतो तसं बोलायला लागलो. ती पलीकडे श्वास रोखून ऐकत होती, आणि मला ते काही केल्या जमेना.